आडोशाची आच

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"शेगडीवरच्या मटणाविषयी दोन शब्द बोला," असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला तेव्हा मला हसूच आले. कोल्हापुरात उभे राहून बायकांना मटण कसे करावे हे सांगणे म्हणजे पंचगंगेच्या घाटावर पाणी विकायला बसण्यासारखे आहे. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके, खिमा, रक्ती-मुंडी, यांतले मला येते तेवढे तुम्हां सर्वांना येते, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या दोघीतिघींना माझ्यापेक्षा पुष्कळच चांगले येते. त्यांच्या पांढऱ्या रश्श्यासाठी मी माझी वाटी अनेकदा दुसऱ्यांदा पुढे केलेली आहे. तेव्हा त्या वाटेला मी जात नाही. मी बोलणार आहे ते विस्तवाविषयी. उघड्या कोळशाच्या शेगडीवर मांसाचा मोठा तुकडा, भांड्यात न घालता, तीन-चार तास मंद आचेवर कसा शिजवावा, एवढी एकच गोष्ट सांगायची आहे. ती मला येत नव्हती. येत नव्हती म्हणून गेल्या आषाढात आमच्या घरचा एक जीव जाता जाता राहिला, आणि त्यासाठीच मी आज बोलायला कबूल झाले.

झाले ते असे. त्र्यंबोलीच्या यात्रेचा शुक्रवार होता. गल्लीतल्या बायकांबरोबर पंचगंगेचे नवे पाणी देवीच्या पायऱ्यांवर ओतून आम्ही दुपारी घरी आलो. घरात बारा-पंधरा माणसे. पुण्याचा पुतण्या आला होता आणि येताना त्याने एक नवी चीज आणली होती: वीतभर खोल, हातभर रुंद आणि दीड हात लांब अशी लोखंडाची पेटी. तिला चार पाय, आत कोळसे घालायचे, वर जाळी. झाकण नाही. "काकू, यावर अख्खी मांडी भाजू या," तो म्हणाला.

हे शब्द मामंजींच्या कानावर गेले. त्यांना आता शहाऐंशी सरली आहेत. त्यांचे वडील संस्थानच्या शिकारखान्यात चाकरीला होते. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेव्हा मामंजी दहा वर्षांचे होते. त्याआधी दोनतीनदा वडिलांबरोबर ते माळावर गेले होते आणि तिथे निखाऱ्यांवर भाजलेल्या मांडीची चव त्यांच्या जिभेवर जी बसली ती बसलीच. दर धुळवडीला ती गोष्ट आम्ही ऐकतो. ती शिकार गेली ते बरेच झाले. ज्या दाजीपूरच्या रानात संस्थानची शिकार चाले तिथे १९५८ साली अभयारण्य झाले, आणि १९७२ च्या कायद्याने तर वन्य जनावराला हात लावणेच गुन्हा ठरले. पण बाजारातल्या बकऱ्याच्या मांडीला कायद्याची आडकाठी नाही. मामंजी खुर्ची ओढून गच्चीच्या दाराशी येऊन बसले. त्यांना ती चव पुन्हा एकदा हवी होती, हे त्यांनी सांगितले नाही, पण दिसत होते.

मी काय केले? आपल्या बादलीच्या शेगडीत घालतो तसे पेटीभर कोळसे घातले, पंख्याने वारा घालून फुलवले, आणि कांदा-लसूण चटणी, आले, मीठ चोळलेली मांडी थेट वर ठेवली. पाच मिनिटांत चरबी ठिबकू लागली. चरबी निखाऱ्यावर पडली की जाळ उठतो, आणि जाळ मांसाला चाटतो. अर्ध्या तासात मांडी बाहेरून तव्याच्या बुडासारखी काळी झाली. चटणी जळून तिचा खकाणा उडाला तो वेगळाच. सुरी घालून पाहिले तर हाडाजवळ लालबुंद, रक्त तसेच.

एवढ्यात पाऊस आला. आषाढाचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. दोघा मुलांनी शेगडी उचलून जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीत आणली आणि झड आत येऊ नये म्हणून दार लावून घेतले. कोळसे तोवर लाल झाले होते, धुराचा मागमूस नव्हता. धूर नाही म्हणजे काळजी नाही, असेच आम्हां सगळ्यांना वाटले. धाकट्या जाऊबाई "मी बसते शेगडीपाशी" म्हणाल्या आणि मी खाली भाकरी बडवायला गेले. वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांची मुलगी चहा घेऊन वर गेली ती किंचाळतच खाली आली. जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ हलत होते पण शब्द नव्हता, उठायला गेल्या तर पायांत बळ नव्हते. त्यांना भर पावसात उघड्या गच्चीवर ओढून नेले. मग दवाखाना, नाकाला प्राणवायू. संध्याकाळी त्या घरी आल्या, पण दोन दिवस डोके धरून होत्या.

डॉक्टरांनी सांगितले ते मी इथे मुद्दाम सावकाश सांगते. लाल, बिनधुराचा कोळसा निरुपद्रवी नसतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि मग छाती भरून श्वास घेतला तरी अंगाला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि झोप आली की माणूस संपला. थंडीत खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती यानेच. दार किलकिले ठेवले म्हणून भागत नाही. कोळशाची शेगडी उघड्यावरच हवी. पाऊस आला तर मांस आत न्यावे आणि गॅसवर पातेल्यात घालावे. शेगडी बाहेर भिजू द्यावी, विझू द्यावी. लोखंड काही मोलाचे नाही.

त्या रात्री मामंजींनी रस्सा-भाकरी खाल्ली आणि काही न बोलता झोपले. काळ्या मांडीचे आम्ही पुढे काय केले ते विचारू नका. गल्लीतल्या कुत्र्यांनीही प्रथम हुंगून पाहिली.

चारपाच दिवसांनी, जाऊबाई हिंडूफिरू लागल्यावर, मामंजींनी मला हाक मारली. "पोरी, तू इस्तू मांसाखाली घातलास. इस्तू मांसाखाली नसतो. इस्तू बाजूला, मांस मधी." मग काठीने अंगणात रेघा ओढून त्यांनी दाखवले. माळावर लांबट चर खणत. त्यात लाकूड पेटवून पुरते जळू देत, जाळ अजिबात उरू देत नसत. मग निखारे चराच्या दोन्ही कडांना ओढून घेत आणि मधला पट्टा मोकळा ठेवत. मांडी त्या मोकळ्या पट्ट्यावर, ओल्या काठीला अडकवून, आणि निखाऱ्यांवर राखेची चादर. "आनि मग?" मी विचारले. "मग काय, गप बसायचं. घाईच्या मानसानं तिथं जायचंच न्हाई."

ही राखेची चादर आणि मधली मोकळी जागा कशासाठी, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला, वाचले, पुतण्याला फोन करून विचारले. तुम्हांला थोडक्यात सांगते, कारण हे एकदा कळले की बाकीचे आपोआप सुचते.

मांस ही एक वस्तू नव्हे, दोन आहेत. एक त्यातले तंतू आणि दुसरी त्या तंतूंना बांधून ठेवणारी पांढरी चिवट पडदी आणि शिरा. तंतू लवकर शिजतात. साठ-पासष्ट अंश सेल्सियसला ते आवळतात आणि आपल्यातले पाणी पिळून बाहेर टाकतात. पण चिवट पडद्यांना घाई चालत नाही. सत्तर अंशांच्या पुढे, तेही तासन्‌तास, त्या विरघळत विरघळत मऊ चिकट होतात. पायाचे सूप गार झाले की थलथलीत बसते ना, ते याचेच. म्हणजे कोवळ्या बकऱ्याची चाप झटकन भाजली तरी चालते, पण मांडीत पडदे फार. तिला आच कमी आणि वेळ जास्त हवा. आणि लाल कोळसा असतो सहाशे-सातशे अंशांचा. चार बोटांवर मांस ठेवले तर आतली बातमी हाडापर्यंत पोहोचण्याआधी बाहेरचा कोळसा होणारच.

रश्श्यात हे का होत नाही? कारण पाणी मध्ये आहे. खाली कितीही जाळ घाला, पाणी शंभराच्या वर जात नाही. पाणी हाच तिथे आडोसा. उघड्या जाळीवर पाणी नाही, म्हणून आडोसा आपण उभा करायचा.

आणि भगिनींनो, हे आपल्याला नवीन नाही. घराघरांत भट्ट्या नव्हत्या त्या काळी आमच्या सासूबाई नानकटाई कशी करीत? जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर, त्यावर कडे, कड्यावर ताटली, आणि वरच्या झाकणावर मूठभर निखारे. खालचा विस्तव वाळूने आडवला, वरचा झाकणाने. रायगडकडच्या लोकांची पोपटी घ्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरतात, मडके शेतात उपडे ठेवतात आणि जाळ करतात तो मडक्याच्या भोवती. मडके आणि पाला मिळून आडोसा. आपल्याकडच्या गुऱ्हाळाचेच पाहा: चुलवाणाच्या तोंडाशी चिपाड घालतात आणि धुराडे असते पलीकडच्या टोकाला, म्हणून आच काहिलीच्या बुडाखालून लांबवर ओढली जाते. या तिन्हींतून मी थोडे थोडे उचलले.

आता प्रत्यक्ष मांडणी. पेटीच्या एका अंगाला, तिसऱ्या हिश्शात, कोळसे. त्यांच्या कडेने चार-पाच विटा उभ्या लावून भिंत करायची, जाळीला लागेल इतकी उंच. भिंतीपलीकडे कोळसा नाही. तिथे जाळीखाली एक जुनी थाळी ठेवून तिच्यात दोन बोटे पाणी. मांडी त्या थाळीच्या वर. चरबी ठिबकली तर पाण्यात पडते, जाळ उठत नाही, आणि पाण्याची वाफ मांसाला कोरडे पडू देत नाही. विटेचा दुसरा गुण असा की ती तापायला वेळ लावते आणि निवायलाही. कोळसा जरा कमीजास्त झाला तरी वीट आच सांभाळून घेते.

विटा कोरड्या पाहिजेत. हे मी अनुभवाने सांगते. दिवाळीनंतर केलेल्या पहिल्या चाचणीत मी कुंडीखालच्या ओल्या विटा उचलून आणल्या. अर्ध्या तासात एकीतून फुसफुस वाफ आली आणि फाट्‌कन आवाज होऊन तिचे दोन तुकडे झाले. दोन दिवस उन्हात ठेवलेल्या विटा आणा. नदीतले गोटे तर मुळीच नकोत. त्यांच्या पोटात पाणी असते आणि ते फुटले की कपच्या डोळ्यांत जातात.

झाकणाला मी आमची तळणीची मोठी लोखंडी कढई उपडी घातली, कोळसे आणि मांडी दोन्हींवरून. तिची कोळशाकडची कड जाळीला टेकलेली आणि मांडीकडची कड विटेच्या तुकड्यावर दोन बोटे उचललेली. त्या फटीतून गरम हवा बाहेर जाते, पण जाण्याआधी तिला मांडीवरून जावे लागते. गुऱ्हाळाचे धुराडे म्हणतात ते हेच. दोन्ही बाजू बंद केल्या तर कोळसा गुदमरतो, दोन्ही उघड्या ठेवल्या तर आच उडून जाते. माझ्या मनात प्रथम जस्ताचा टब घालायचे होते, तो चांगला खोल असतो. पुतण्याने फोनवरच थांबवले. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी, बादल्या, पत्रे विस्तवावर घालू नयेत. जस्त तापून त्याचा धूर निघतो आणि तो अंगात गेला की थंडीताप भरतो. काळे लोखंड किंवा बीड, दोनच धातू घ्यावेत. आपल्या उद्यमनगरच्या फौंड्र्या असताना बिडाला काय तोटा!

कोळसा बाभळीचा, चांगला भाजलेला घ्यावा. अर्धकच्चा असेल तर धूर फार आणि त्या धुराने मांस कडवट होते. पेटवायला रॉकेल नको, वास शेवटपर्यंत जात नाही. दोनचार करवंट्या आणि सुके चिपाड पुरते. सुरुवातीला दीड किलो कोळसा, आणि मग दर अर्ध्या तासाला आठदहा तुकडे. हे तुकडे कच्चे टाकायचे नाहीत. शेजारी बादलीची छोटी शेगडी पेटती ठेवायची आणि तिच्यात लाल झालेले चिमट्याने उचलून घालायचे.

आच किती, हे कळावे कसे? तळहात मांसाच्या उंचीवर, मांसाच्या जागी धरायचा आणि सावकाश आकडे मोजायचे. तीनचारला हात मागे घ्यावा लागला तर आच फार; कोळशावर राख पसरा. आठ-दहापर्यंत हात राहिला तर ठीक. पंधरापर्यंत राहिला तर तुमचा विस्तव झोपला.

मांडीची तयारी आदल्या रात्री. दोन किलोच्या आतबाहेरची मांडी, तिला मीठ, हळद, आले-लसूण आणि घट्ट दही चोळून फ्रीजमध्ये ठेवायची. कच्च्या पपईचा कीस एक चमचा, अधिक नाही. पपई मांसाला वरवरूनच मऊ करते आणि फार झाली तर वरचा थर पिठूळ होतो, आत मात्र जसेच्या तसे. बकऱ्याच्या मांडीला चरबी बेताची, म्हणून खाटकाकडून पोटातली चरबीची जाळी मागून घ्यावी आणि ती मांडीवर पांघरावी. मामंजींची ही खूण. आणि चटणी! कांदा-लसूण चटणी, खोबरे, तीळ, खसखस यांचे वाटण शेवटच्या अर्ध्या तासात लावायचे. आधी लावले की जळालेच म्हणून समजा.

मग बसायचे. तासाभराने मांडी फिरवून जाड बाजू विटांकडे करायची. त्याखेरीज झाकण उघडू नये. दर उघडण्याला पाव तास वाढतो, आणि घरातली पुरुषमंडळी "बघू तरी" म्हणत येत राहतात, त्यांना कामाला पाठवावे. दुसऱ्या तासानंतर एक वेळ अशी येते की मांस जागचे हलत नाही. पुतण्याने दिलेल्या सळईच्या तापमापकावर काटा अडुसष्टवर अडून बसला तो पाऊण तास. त्यावेळी मुले म्हणू लागली, कोळसा वाढवा. वाढवायचा नाही. त्यावेळी मांसातले पाणी वर येऊन उडत असते, घाम आल्यासारखे, आणि त्याने मांस निवते. ते आपले आपण पुढे सरकते. दिवाळीनंतरच्या चाचणीत मी तिथेच घाई केली, आणि मांडी शिजली खरी पण दोराच्या गुंडीसारखी.

जाता जाता एक गंमत सांगते. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ धातुकामाच्या कारखान्यात होते. त्या कारखान्यात पाण्यात तरंगणारे लोखंडी बोये तयार होत. उघड्या शेगडीवर वाऱ्याने आणि जाळाने मांस बिघडते म्हणून वैतागून त्यांनी १९५२ साली बोयाचे दोन अर्धगोल घेतले, एकात कोळसा घातला, दुसऱ्याचे झाकण केले, हवेला भोके ठेवली. आज जगभर जी गोल झाकणाची शेगडी विकतात ती हीच. म्हणजे माझी उपडी कढई आणि त्यांचा बोया, दोन्ही एकाच अडचणीतून निघाले. त्यांच्या कढईचे पैसे झाले, माझ्या कढईला नुसता पोचा आला.

आणि फार मागे जायचे तर बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात मांस भाजण्याचे प्रकार दिले आहेत. मांसाच्या तुकड्यांना भोके पाडून, मसाला भरून, सळईला ओवून निखाऱ्यावर भाजायचे, असा एक प्रकार त्यात आहे. त्या काळी आपल्या कोल्हापुरावर शिलाहार गंडरादित्याचे राज्य होते आणि शिलाहार हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. तेव्हा भाजके मांस हे पुण्याहून पुतण्याने आणलेले नवे खूळ आहे, असे कोणी म्हणू नये.

ज्यांच्याकडे लांब पेटी नाही, नुसती बादलीची शेगडी आहे, त्यांनी काय करावे? तिच्यात बाजू सरकवायला जागाच नाही. तिथे सासूबाईंची नानकटाई आठवा. निखाऱ्यांवर राख पसरून जाड बिडाचा तवा ठेवा, तव्यावर विटेचे तीन तुकडे, त्यांवर जाड पातेले, पातेल्यात कांद्याच्या जाड चकत्या आणि त्यांवर किलोभर मांस, पाण्याचा थेंब नाही. झाकणाला कणीक लावून वर सातआठ निखारे. अडीच-तीन तास लागतात. जाळीवरची खरपूस चव येत नाही, पण मऊपणाला तोड नाही. हीही शेगडी उघड्यावरच, हे पुन्हा सांगते.

आपल्या मंडळात जैन आणि लिंगायत भगिनी आहेत, त्या माझ्याकडे मघापासून सहनशीलतेने पाहत आहेत. त्यांच्यासाठी सांगते: हीच भिंत, हीच कढई, आणि आडोशाला अख्खा लहानसा लाल भोपळा ठेवा. दीड-दोन तासांत पळीने खाता येतो. जैन भगिनींना कंदमूळ चालत नाही. इतरांनी शेजारी रताळी घालावीत. पाण्याची थाळी मात्र त्याला नको, भोपळ्याच्या पोटात पाणी पुरेसे असते.

यंदाच्या धुळवडीला मी पुन्हा मांडी लावली. सकाळी नऊला कोळसा पेटवला. गच्ची मोकळी, आकाश निरभ्र, वारा पश्चिमेचा. जाऊबाई वर आल्या, पण शेगडीपाशी नाही. गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या अंगाला, त्यांनी खुर्ची टाकली आणि तिथूनच घड्याळ बघून "अर्धा तास झाला, कोळसा घाला" असे ओरडून सांगू लागल्या. अजूनही त्या पेटत्या शेगडीच्या दहा हातांत येत नाहीत, आणि मी त्यांना ये म्हणत नाही.

साडेबाराला वाटण लावले. एक वाजता सळई घातली, काटा अठ्ठ्याऐंशीवर, आणि सळई लोण्यात जावी तशी आत गेली. लगेच कापली नाही. परातीत ठेवून वर जाड फडके टाकून वीस मिनिटे ठेवली, म्हणजे रस आत मुरतो. हाड हाताने ओढले तर सुटून आले. वरून काळसर तांबूस, आत तंतू तंतू मोकळे, पण ओले.

मामंजींना खालची कवळी सोसत नाही, ती त्यांनी काढून वाटीत ठेवली होती. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. सगळे घर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग दुसरा घास घेतला. मग तिसरा. मी न राहवून विचारले, "मामंजी, माळावरच्यासारखी झाली का?"

"मीठ जरा कमी हाय," ते म्हणाले, आणि ताट पुढे केले.

मीठ कमी होते हे खरे. दोन किलोला मी दोन चमचे घातले होते, तीन हवेत. सुटलेले हाड आणि थाळीतले चरबीचे पाणी मी टाकले नाही. संध्याकाळी अळणीत घालून त्याचा पांढरा रस्सा केला. धुराचा किंचित वास त्याला आला होता. पुढच्या रांगेतल्या ज्या दोघीतिघींचा मी मघाशी उल्लेख केला, त्यांनी तो चाखला आहे, त्यांना विचारावे.